खडीवर मारायचं पाणी

छातीत नळी घालताना दुखतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं होईल." त्यांच्या घरच्या मुंग्या मला एकदा बघायच्या आहेत. पण ते दुखणं थोडाच वेळ असतं. नळी आत गेल्यावर पहिला पुरा श्वास येतो, त्याच्यासाठी ते सोसावं. मी तीन दिवस उशीला टेकून, बसल्या बसल्या अर्धा अर्धा श्वास घेत होते. नळी गेली आणि मी हमसून रडले. सिस्टरांना वाटलं दुखतंय म्हणून रडते. मला श्वास आला म्हणून मी रडत होते.

खडी क्रशरवर आणि दगडखाणीवर काम करणाऱ्या बाया आणि त्यांच्या घरचे, यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडं ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पोरींना आता वाचता येतं, त्या वाचून दाखवतील. मी दहावीला गणितात नापास झालेली बाई आहे, डॉक्टरकी सांगणार नाही. मला काय झालं ते सांगेन. आणि मी काय केलं तेही सांगेन. ते सांगायला जास्त जड जातंय.

वाडी आणि क्रशर

घोटी सोडून डोंगराकडं आत आलं की डांबरी रस्ता संपतो. तिथून पायी अर्ध्या तासावर आमची वाडी. पावसाळ्यात खाचरात भात, वर उतारावर नागली आणि वरई. दिवाळी झाली की कामं संपतात. मग मुकादम यायचा आणि दिंडोरी-निफाडकडं द्राक्षांच्या बागांवर माणसं न्यायचा. न्यायचा ती जोडीनं, म्हणजे नवरा-बायको दोघं. एकट्याला नेताना तो नाक मुरडायचा. पोरं अर्थातच बरोबर. मागं दोन-चार म्हाताऱ्या आणि कोंबड्या राहायच्या. होळीला सगळे परत.

लग्नानंतर अशा पाच दिवाळ्या मी बागांवर काढल्या. माझी मुलगी सुनंदा चालायला शिकली ती द्राक्षाच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत.

मग डोंगराच्या कडेला क्रशर आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, जिकडंतिकडं रस्ते निघाले होते आणि सगळ्यांना खडी हवी होती. सुरुंग लावून डोंगर फोडायचा, दगड डंपरनं आणायचा, मशीनच्या जबड्यात ओतायचा. मग चाळणीतून मापामापाची खडी पट्ट्यावरून खाली पडते. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी तिथं लागलं. माझा नवरा सोमनाथ जबड्याच्या तोंडाशी उभा राहायचा, अडकलेला दगड पहारीनं सरकवायला. मला पाणी मारायचं काम मिळालं. दगड भरडताना जी पांढुरकी भुकटी उडते, ती बसावी म्हणून जबड्यावर, चाळणीवर आणि डंपरच्या रस्त्यावर पाइपानं पाणी मारत राहायचं.

त्या वर्षी पहिल्यांदा दिवाळी उलटली तरी वाडीतून कुणी गेलं नाही. शाळेतल्या बाई वाटेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "यंदा सगळी मुलं हजर! मला बसायच्या पट्ट्या कमी पडल्यात." क्रशरला शिव्या देणाऱ्यांना मी हे ऐकवते. मीही शिव्या देते, पण हे ऐकवून मग देते.

डॉक्टरांचा प्रश्न

खोकला दीड वर्ष होता. आधी मी चुलीच्या धुरावर ढकलला. मग घोटीच्या डॉक्टरांना टी.बी.ची शंका आली. तीनदा थुंकी तपासली, तीनदा काही निघालं नाही. मला तर पेढे वाटावेसे वाटले. टी.बी. नाही म्हणजे काहीच नाही, असं आपण धरून चालतो. इथंच मी चुकले. खोकला असेल आणि टी.बी. निघाला नाही तर "मग काय आहे?" हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

पाऊस ओसरत आला होता. एका सकाळी विहिरीवर भरलेला हंडा डोक्यावर घेताना डाव्या बरगडीत काहीतरी सटकन तुटल्यासारखं झालं आणि श्वास येईना. तीन दिवस घोटीत काढले. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सोमनाथनं मला डंपरच्या केबिनमध्ये बसवलं आणि नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. मागं खडी भरलेली होती. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, खड्डा आला तर आधी सांगतो," आणि त्यानं खरंच प्रत्येक खड्डा सांगितला.

डॉक्टर तरुण होते, दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यांनी माझ्या छातीचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडात धरला. डाव्या फुफ्फुसाला भोक पडलं होतं. तिथून हवा बाहेर येऊन छातीत अडकली होती आणि तिनं फुफ्फुस दाबून टाकलं होतं. "ही हवा नळीनं काढू, भोक आपोआप भरेल," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही बाजूंना पसरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"काम काय करता, ताई?"

"खडी क्रशरवर जाते."

"किती वर्षं?"

"सहा-सात झाली."

"धूळ उडते?"

"उडते की."

"मग तिथं पाणी मारत नाहीत का?"

"मारतात."

"कोण मारतं?"

"मीच," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी मान खाली घातली. नंतर ते हळू आवाजात म्हणाले की भोक भरेल, पण ठिपके जाणार नाहीत. ती दगडाची धूळ आहे, आत रुतून बसलेली. वाढू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. पुन्हा त्या धुळीत उभी राहिलात तर पुढचं भोक उजवीकडं पडेल.

मरायची भीती वाटली, उगाच शूर होऊन सांगत नाही. सुनंदा सहावीत होती.

ते पाणी कुठं गेलं

डॉक्टरांनी पुढं विचारलं नाही, पण आता सांगते.

खाण खोल गेली तशी आमची विहीर आटायला लागली. सुरुंगानं झरा फुटला असं सगळे म्हणतात. ते सिद्ध कोण करणार? आधी विहीर वैशाखापर्यंत पुरायची, नंतर होळीलाच तळ दिसायला लागला. क्रशरवर मात्र खडीवर मारायला रोज दोन टँकर पाणी यायचं. स्वच्छ पाणी, बोअरचं. बाया रिकामे हंडे घेऊन दोन कोस चालणार आणि मी त्यांच्या देखत ते पाणी दगडावर ओतणार!

पहिला हंडा मी भागीकाकूला भरून दिला. भागीकाकू आमच्या शेजारची, साठीची. उन्हात येऊन पाइपाकडं नुसती बघत उभी राहिली होती, मागितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी चार जणी आल्या. आठवड्याभरात रांग लागली आणि भांडणं व्हायला लागली, तेव्हा मीच वार लावून दिले. वरच्या आळीला सकाळी, खालच्या आळीला दुपारी. मला त्या कामात काय सुख मिळायचं! सासरी आल्यापासून मला कुणी एवढी किंमत दिली नव्हती. दगडावर पाणी ओतते म्हणून लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे, तेही थांबलं होतं.

चाळणीवर मारायला मग पाणी उरायचं नाही. वाटायचं, धूळ काय, झटकली की गेली. पाणी नसेल तर माणूस मरतं. सलग तीन उन्हाळे जबडा कोरडा चालला. मी पदर तोंडाला बांधायची, सोमनाथ उपरणं बांधायचा. बाकीचे तेही बांधायचे नाहीत. संध्याकाळी घरी येताना आमच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि आम्ही एकमेकांना म्हातारा-म्हातारी म्हणून हसायचो.

मॅनेजर देवरे यांना हे ठाऊक होतं. सटाण्याकडचा माणूस, बोलायला गोड. ते एकदाही रागावले नाहीत. तेव्हा मला तो त्यांचा मोठेपणा वाटला. खाटेवर पडल्या पडल्या उमगलं की पाणी मिळतंय तोवर विहिरीबद्दल वाडी तोंड उघडणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. जादा टँकर न आणता त्यांचं काम झालं होतं आणि ते मी करून दिलं होतं.

बाटली

नळीचं दुसरं टोक एका काचेच्या बाटलीत असतं. बाटलीत पाणी असतं आणि छातीतली हवा त्यात बुडबुडे होऊन येते. खोकलं की बुडबुडे. बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची, उचलून वर धरायची नाही. हे नातेवाइकांना दहा वेळा सांगा. सोमनाथनं पहिल्याच दिवशी मला पाणी पाजताना ती उचलून खाटेवर ठेवली आणि सिस्टरांनी त्याला असं झापलं की तो नंतर दोन दिवस बाटलीकडं बघायलाही घाबरत होता.

मी एका जागी बसणारी बाई नाही. दोन दिवसांत खाट खायला उठली. मी बाटली हातात घेऊन वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालायची. मला सगळे बाटलीवाली म्हणायला लागले. चहा म्हणजे गरम पाण्याला रंग. चादरीवरून माझं आणि वॉर्डातल्या मावशींचं तीनदा वाजलं. सगळ्यात जास्त त्रास शांततेचा झाला. सहा-सात वर्षं कानात क्रशर घरघरत होता. तो थांबल्यावर डोक्यातले विचार ऐकू यायला लागले, आणि ते काही चांगले नव्हते.

शेजारच्या खाटेवर मालेगावच्या नसीमआपा होत्या. दम्यानं बेजार. घरी चार यंत्रमाग, जन्मभर रुईच्या धुळीत गेलेल्या. मी संडासला जाताना त्या माझी बाटली धरून दाराबाहेर उभ्या राहायच्या, स्वतःला धाप लागलेली असताना. मी संकोचले तर म्हणायच्या, "अगं शरमाती कायको? मी काय तुझी सासू आहे?" त्यांचा मुलगा क्वचित यायचा. माग बंद ठेवून येणं जमत नाही म्हणायचा. मी एकदा विचारलं, "आपा, घरातच माग आहेत. परत जाऊन पुन्हा तीच धूळ खाणार?" त्या म्हणाल्या, "खोली बदलून मागितलीय. वरची. देखेंगे." वरच्या खोलीत तरी रुई येणार नाही का, हे मी विचारलं नाही. त्यांनाही माहीत असणारच.

बुडबुडे कमी व्हायला लागले तेव्हा डॉक्टरांनी फुगा फुगवायला दिला. तो फुगवला की दाबलेलं फुफ्फुस उघडतं. पहिल्या दिवशी लिंबाएवढाही फुगेना. अठराव्या दिवशी बुडबुडे पूर्ण थांबले. फुग्याचा कंटाळा करू नका.

भेटायला आलेली माणसं

नळी काढायच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले की त्यांनी वरच्या ऑफिसला पत्र पाठवलंय, कुणीतरी साहेब क्रशर बघायला येतील आणि मला विचारतील. "खरं ते सांगा. तिथं अजून किती जणांच्या छातीत हे आहे, कुणाला माहीत?"

पत्राची बातमी माझ्याआधी देवऱ्यांना लागली. दुसऱ्याच दिवशी ते डझनभर मोसंबी घेऊन हजर.

"ताई, आता बरं शे ना?"

"बरं आहे."

"साहेब येतील, विचारतील. सांगा, पाणी रोज मारायचे. त्यात खोटं काय शे? टँकर यायचाच ना! पाइप तुमच्याच हातात असायचा ना!" मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "आता तुम्हाला धुळीत उभं करणार नाही. वजनकाट्यावर बसा, गाड्यांच्या पावत्या फाडा. पत्र्याची खोली शे, पंखा शे. पण क्रशरच बंद पडला तर मी काट्यावर तरी कुणाला बसवू?"

ते गेल्यावर सोमनाथ मोसंबं सोलत बसला. एक फोड माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "मानूस काय वाईट बोलला नाय."

"तुम्ही जबड्यापाशी उभे राहता. तुमच्याही छातीत असंल."

"असंल. पर आज तं श्वास येतोय ना? पोरगी सातवी-आठवीला जाऊ दे, मग बघू." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुझ्या छातीचं मला लय वाईट वाटतं गं. पर चाळीस घरं हायेत. बागंवर परत जायाचं म्हंजी पोरीची शाळा गेलीच."

मी भडकले. म्हणाले, "मग माझी छाती कापून द्या त्यांना खडी करायला!" वॉर्डभर ऐकू गेलं. सोमनाथ उठून वऱ्हांड्यात गेला आणि तासभर आला नाही. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर मला एवढा राग आला होता.

साहेब

मी घरी आले तेव्हा बाया भेटायला आल्या. कुणी अंडी आणली, कुणी नागलीचं पीठ. ज्या हातांनी मी हंडे भरून दिले होते त्याच हातांना धरून त्या रडल्या. त्यांच्यातल्या सहा-सात जणी बोलताना खोकत होत्या. आधी मला तो खोकला कधी ऐकूच आला नव्हता. आता मी खोकले मोजत बसले आणि त्यांचं बोलणं माझ्या कानावरून गेलं.

पुढचे दिवस नुसती घालमेल. सकाळी ठरवायचे, सांगून टाकू. शाळेतून सुनंदा आली, दप्तर टाकून पाढे म्हणायला बसली, की ठरवायचे, गप्प बसू. काट्याच्या खोलीतला पंखासुद्धा डोळ्यांसमोर यायचा, खोटं कशाला बोलू!

दिवाळीला आठ दिवस होते तेव्हा साहेब आले. क्रशरवर सगळी वाडी जमली. त्या दिवशी सकाळपासून धो धो पाणी मारलं होतं, सगळीकडं चिखल. साहेब बूट सांभाळत उभे होते. त्यांनी मला पुढं बोलावलं.

"पाणी मारायचं काम तुमच्याकडं होतं?"

"हो."

"रोज मारलं जायचं?"

सोमनाथ माझ्या डाव्या बाजूला होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"पावसाळ्यानंतर होळीपर्यंत मारायची, साहेब. उन्हाळ्यात नाही. तीन उन्हाळे मशीन कोरडं चाललं."

"का? टँकर येत नव्हता?"

"येत होता. ते पाणी मी वाडीला वाटलं. विहीर आटली होती."

मग देवरे पुढं आले. "बघा साहेब! आम्ही पाणी देत होतो. या बाईंनीच ते पळवलं. आमचा काय दोष शे?"

सगळं माझ्यावरच येईल असं मला वाटलंच नव्हतं, इतकी मी भोळी. तेवढ्यात मागून भागीकाकूचा आवाज आला, "पळवलं नाय. आमी हंडे घिऊन यायचो, ह्यो मॅनेजर हापिसाच्या दारातून बघायचा. आमी समद्यांनी नेलं. लिवा, माझं नाव पयलं लिवा."

साहेबांनी लिहून घेतलं. मी धीर करून म्हणाले, "साहेब, बंद करू नका. एक टँकर जादा लावायला सांगा. दोन खडीला, एक माणसांना."

"माणसांच्या पाण्याचं खातं वेगळं आहे, ताई," ते म्हणाले. "माझ्याकडं फक्त धुळीचं येतं."

क्रशर बंद झाला. जबडा आणि चाळणी पत्र्यानं झाकून, पक्के फवारे बसवल्याशिवाय सुरू करायचा नाही असा हुकूम निघाला. मालकानं लगेच काही केलं नाही, आठ महिने तसाच पडू दिला. दिवाळी झाली आणि मुकादम आला.

भागीकाकूसुद्धा गेली. जोडी पुरी व्हावी म्हणून मुलाबरोबर गेली, सुनेचं सातव्या महिन्याचं पोट होतं. जाताना शेळ्या माझ्या दारात बांधून म्हणाली, "सांभाळ गं." तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दोष देणारे दुसरे होते. एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "येका छातीसाठी चाळीस चुली इझवल्या." त्याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि खोकला आला.

आता

क्रशर पुन्हा सुरू झाला त्याला काही वर्षं झाली. पत्रे आहेत, फवारे आहेत, नवं मोठं मशीन आहे. त्यामुळं माणसं निम्मीच लागतात. सोमनाथला घेतलं नाही. त्याचा फोटो काढला, त्याच्याही छातीत ठिपके आहेत, माझ्याहून कमी. आता तो घोटीत भाताच्या गिरणीवर जातो आणि तोंडाला फडकं बांधतो. मी रोज बघून घेते बांधलंय की नाही. आमचं बोलणं सहा महिने नीट नव्हतं. मग हळूहळू झालं, कसं ते सांगता येणार नाही. विहीर अजून आटते. उन्हाळ्यात सरकारी टँकर येतो, कधी येत नाही.

मला चढ चढताना धाप लागते. हंडा उचलत नाही. थंडीत जपते, फुगा अजून फुगवते. बाकी मी बरी आहे.

मला बाया विचारतात, क्रशरवर जाऊ का? मी जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. फवारा चालू आहे का ते स्वतः बघा म्हणते, तो बंद असेल तर त्या दिवशी उभ्या राहू नका. आणि वर्षातून एकदा छातीचा फोटो काढा. फोटो काढताना काम काय करता ते सांगा, कुणी विचारलं नाही तरी सांगा. मी खरं बोलले ते बरोबर केलं का, असं कुणी विचारलं तर मात्र माझी चिडचिड होते. कधी वाटतं बरोबर, कधी वाटतं दोन वर्षं थांबले असते तर काय बिघडलं असतं. एका जागी मन ठरत नाही.

कारण त्या दिवाळीनंतर काय झालं ते अजून सांगायचं आहे. मी आजारी, मला बागेवर कोण नेणार? सोमनाथला मुकादमानं नाक मुरडत एकट्यालाच नेलं. मी घरी राहिले, म्हणून सुनंदाही घरी राहिली. वाडीतल्या सगळ्या पोरी गेल्या, तिची शाळा मात्र चुकली नाही. आतल्या आत मला त्याचा आनंदसुद्धा झाला होता, हे कबूल करते. शाळा उघडली त्या दिवशी मी तिच्या वेण्या घालून दिल्या आणि दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

संध्याकाळी ती आली आणि दप्तर न काढता चुलीपाशी बसली. मी म्हणाले, "काय शिकवलं आज?"

ती म्हणाली, "काय नाय. बाईंनी हजेरी घेतली. मुलींची नावं वाचली ना, तेव्हा दर नावाला मीच सांगत होते, आली नाय, आली नाय. मग माझं नाव आलं." तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आई, मला हजर म्हणायला लाज वाटली."